कुठल्या गावाला दिलेत?

तोक्योच्या पूर्व टोकाला निशी-कासाई नावाचं स्टेशन आहे. त्याच्या आसपास इतकी भारतीय बिऱ्हाडं आहेत की संध्याकाळी एखाद्या इमारतीच्या जिन्यात फोडणीचा वास आला तर कुणाला नवल वाटत नाही. हा भाग ज्या एदोगावा वॉर्डात येतो, त्याच्या सभेवर 2019 साली योगेंद्र पुराणिक निवडून आले. तेही आपल्याच मुलखातले. डिसेंबरात तिथल्या एका मराठी घरी पंगत बसली होती. पानं वाढून होईपर्यंत गप्पा चालल्या होत्या आणि एका काकूंनी सहज विचारलं, "यंदा कुठल्या गावाला दिलेत?" समोरून उत्तर आलं, "गावाचं नाव नाही हो लक्षात, पण खेकडा येणार आहे." दुसऱ्या म्हणाल्या, "आम्ही तांदूळ घेतला, दहा किलो." तिसऱ्या घरी सप्टेंबरातच बिनबियांची हिरवी द्राक्षं येऊन संपली होती. गावाचं नाव पंगतीत एकालाही सांगता आलं नाही. त्यात कुणाचं काही चुकलंही नव्हतं. सगळं कायद्याला धरून होतं. पण प्रश्न होता गावाचा आणि उत्तर आलं खेकड्याचं, हे काही केल्या मनातून जाईना.

हा विषय फुरुसातो नोझेइचा, म्हणजे शब्दशः ‘आपल्या गावाच्या कराचा’. जपानमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत दिवाळी उरकली की हा शब्द कानावर पडायला लागतो. आपल्या करातला काही भाग आपण राहतो त्या शहराऐवजी आपल्या मनातल्या गावाकडे वळवायचा, अशी ही सोय 2008 पासून सुरू आहे. नावात कर असला तरी कागदोपत्री ती देणगीच. वर्षभरात जितकी देणगी दिली त्यातले 2,000 येन आपल्या खिशातले. उरलेली सगळी रक्कम, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, प्राप्तिकरातून आणि रहिवास करातून, म्हणजे आपण राहतो तिथे भरायच्या करातून, वजा होते. म्हणजे 50,000 येन दिले तर 48,000 परत, आणि त्याखेरीज गावाकडून आभाराची भेट. करदात्याला आपला कर कुठे जावा हे ठरवू देणाऱ्या योजना जगात आणखीही आहेत. इटलीत प्राप्तिकरातले हजारी आठ चर्च, इतर धर्मसंस्था की सरकार यांपैकी कुणाला, हे विवरणपत्रावर सही करून सांगता येतं. हंगेरीत 1996 च्या कायद्यानं एक टक्का आपल्या पसंतीच्या संस्थेला देता येऊ लागला. पण घरोघरच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली अशी योजना मला दुसरीकडे दिसत नाही. 2008 साली देशभरातून 814 कोटी येन जमले होते. 2023 च्या आर्थिक वर्षात हाच आकडा 1 लाख 11 हजार कोटी येनांच्या वर गेला.

योजनेमागची मूळ कळ मात्र खेकड्याची नव्हती. फुकुइ प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर इस्सेइ निशिकावा यांनी 2006 साली मांडलेला मुद्दा साधा होता. पोर जन्मतं खेड्यात, त्याच्या लसी, शाळा, रस्ते, सगळा खर्च ते गाव करतं. अठरा वर्षांचं झालं की ते तोक्योला जातं, कमावतं आणि कर भरतं तोक्योला. गावाला उरतात म्हातारी माणसं आणि बंद पडत चाललेली शाळा. मग त्या पोराला आपल्या करातला थोडा भाग गावाकडे धाडता यायला नको का? त्या वेळी अंतर्गत व्यवहार मंत्री होते योशिहिदे सुगा, पुढे पंतप्रधान झालेले. अकिता प्रांतातल्या स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या घरातून तोक्योला आलेले. त्यांनी ही कल्पना उचलून धरली आणि दोनेक वर्षांत कायदा झाला.

हे वाचताना कोकणातल्या माणसाच्या पोटात काहीतरी हलतं.

कारण हे सगळं आपल्याकडे होऊन गेलेलं आहे, फक्त कराच्या नावाखाली नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची घरं कित्येक दशकं मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालली. लालबाग-परळच्या चाळीतल्या गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपायची. भिंतीला ट्रंका लावलेल्या, दोरीवर वाळत घातलेले शर्ट, कोपऱ्यात भजनाचे टाळ. त्याच खोलीत ग्रामस्थ मंडळाची, म्हणजे मुंबई शाखेची, सभा भरायची. ओढ्यावर साकव हवा, शाळेला एक खोली वाढवायची, देवळाच्या सभामंडपाचे वासे वाळवीनं खाल्लेत: काम काय ते आधी ठरायचं आणि मग वर्गणी लागायची घरटी. गिरणीत साचा चालवणारा आणि गोदीत कारकून असलेला, दोघांनाही सारखीच. ज्याला जास्त द्यायचं असेल त्यानं द्यावं, त्याचं नाव देणगीदारांच्या पाटीवर वर लागेल. पण सभेत त्याचा हात एकच. आणि मे महिन्यात किंवा गणपतीला सगळे गावी आले की देवळात हिशोब वाचला जायचा. सिमेंटच्या गोणी किती, गवंड्याची मजुरी किती, शिल्लक किती. एखादा म्हातारा मध्येच थांबवून विचारायचा, "रेती तर वहाळातून काढलेली, मग रेतीचे पैसे कसले?" त्यावर वाद व्हायचा, कधी दोन-दोन वर्षं भावकी तुटायची. गावकीत मानपान होते, कुणाला सभेत बसायला मिळायचं आणि कुणाला नाही याच्या जखमाही होत्या. त्या लपवून चालणार नाही. पण "कुठल्या गावाला दिलेत?" हा प्रश्न तिथे कुणाला पडला नसता.

जपानमधली देणगी देताना हात कुठे कुठे अडखळतो ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण योजनेचा स्वभाव त्या तपशिलांतच आहे. पहिली गोष्ट मर्यादा. किती दिलं तर 2,000 सोडून बाकी सगळं परत मिळेल, हे पगारावर आणि अवलंबून असलेल्या माणसांवर ठरतं. एकट्या माणसाचा वार्षिक पगार 30 लाख येन असेल तर मर्यादा सुमारे 28,000 येन. 50 लाखाला सुमारे 61,000. 1 कोटीला सुमारे 1,80,000. हिशोब धरायचा तो जानेवारी ते डिसेंबर या वर्षातल्या प्रत्यक्ष कमाईचा. पुण्याहून ऑक्टोबरात आलेला मुलगा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या वार्षिक पॅकेजवरून मर्यादा काढतो आणि तिथेच फसतो. त्याची त्या वर्षातली जपानी कमाई तीनच महिन्यांची असते. मर्यादेच्या वर गेलेला प्रत्येक येन ही खरीखुरी देणगी, ती परत येत नाही. बोनस किती ते डिसेंबरात कळतं, म्हणून शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची घाई होते. 31 तारखेच्या रात्री बारापर्यंत पैसे पोचले ते या वर्षाचे.

दुसरी गोष्ट कागदांची. विवरणपत्र भरायला लागू नये म्हणून 2015 पासून पगारदारांसाठी एक सोपी वाट आहे. जास्तीत जास्त पाच गावांना द्यायचं, प्रत्येक गावाला एक अर्ज पाठवायचा, सोबत माय नंबर कार्डाच्या, म्हणजे जपानी ओळखपत्राच्या, दोन्ही बाजूंची प्रत, आणि हे सगळं पुढच्या वर्षाच्या 10 जानेवारीपर्यंत त्या गावाच्या कचेरीत पोचलं पाहिजे. आता बऱ्याच गावांत हे फोनवरूनही होतं. पण सहावं गाव निवडलं की आधीच्या पाचांचे अर्जही बाद. वर्षभरात दवाखान्याचा मोठा खर्च झाला आणि त्याची सूट मागायला विवरणपत्र भरलं, किंवा घराच्या कर्जाची पहिल्या वर्षाची सूट मागितली, तरी ते अर्ज आपोआप रद्द. मग सगळ्या देणग्या विवरणपत्रात पुन्हा लिहाव्या लागतात. हे विसरणारे पुष्कळ. तसंच नावाचं. घरातली खरेदी बायको बघते म्हणून देणगीही तिच्या नावानं नोंदवली जाते, आणि तिला उत्पन्न नसेल तर वजा व्हायला करच नसतो. पावती ज्याच्या नावाची त्यालाच सूट, त्यामुळे कार्डही त्याचंच हवं.

आणि तिसरी गोष्ट, डेप्युटेशनवर गेलेल्यांनी घोटून ठेवावी अशी. रहिवास कर कुणी भरायचा हे 1 जानेवारीला तुम्ही कुठे राहता यावर ठरतं. वर्षभर देणग्या दिल्या आणि कंपनीनं 20 डिसेंबरचं परतीचं तिकीट काढलं, तर 1 जानेवारीला तुम्ही जपानचे रहिवासी नाही. पुढच्या वर्षाचा रहिवास कर तुम्हाला लागत नाही, आणि जो करच नाही त्यातून वजा काय होणार? मोठा हिस्सा त्याच करातून सुटायचा असतो. प्राप्तिकरातला थोडा भाग विवरणपत्र भरून मिळू शकतो, बाकीचं गेलं. पॅकर्स-मूव्हर्सच्या धांदलीत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. जे राहतात त्यांनी जूनमध्ये कचेरीतून मिळणारी रहिवास कराची लांबट चिठ्ठी तेवढी उघडावी. त्यात खालच्या बारीक रकान्यात देणगीपोटी किती कर कमी झाला ते लिहिलेलं असतं. ती रक्कम आणि आपल्या पावत्यांची बेरीज वजा 2,000 जुळली पाहिजे. सोपी वाट धरली असेल तर हा ताळा अगदी नेमका बसतो, कारण तेव्हा सगळी सूट रहिवास करातूनच मिळते. मात्र बहुतेक जण ती चिठ्ठी न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकतात.

आता भेटीकडे येऊ. सुरुवातीच्या वर्षांत गावं आभाराचं पत्र पाठवायची, फार तर सोबत एखादी सफरचंदांची पेटी. मग गावांच्या लक्षात आलं की देणारा माणूस गाव बघत नाही, पेटी बघतो. भेटी वाढत गेल्या: मियाकोनोजोचं गोमांस आणि शोचू दारू, होक्काइदोच्या किनाऱ्यावरल्या गावांचे शिंपले, साल्मनची अंडी, खेकडे. डिसेंबर-जानेवारीत थंड पार्सलांच्या गाड्या दारोदार फिरतात आणि घराघरांत फ्रीजरमध्ये जागा करायची लगबग सुरू होते. मांसाहार न करणाऱ्या मराठी घरांची निवड वेगळी, तांदूळ आणि फळं. हा तांदूळ चिकट असतो. पुलावाला चालत नाही, पण मऊ खिचडीला आणि दहीभाताला फार छान लागतो. 2024 साली तांदळाचा तुटवडा झाला तेव्हा तर या वाटेनं तांदूळ मिळवायला झुंबड उडाली होती. यात वाईट असं कुणी काही करत नाही. महागाईत घर चालवणारी बाई दहा किलो तांदूळ घेते तर तिला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही.

पण हे पैसे आले कुठून, हा प्रश्न उरतोच.

10,000 येनांचा हिशोब मांडून पाहा. 2019 च्या जूनपासून नियम असा की भेटीची किंमत देणगीच्या तीस टक्क्यांवर जाता कामा नये आणि वस्तू त्या भागातली हवी. पाठवणी, जाहिरात, मध्यस्थ संकेतस्थळाचं कमिशन, कारकुनी, सगळं धरून खर्च पन्नास टक्क्यांच्या आत. पुढे 2023 च्या ऑक्टोबरात पावत्या पाठवण्याचा खर्चही याच पन्नासात धरायला लावला, आणि मुरवलेलं मांस व पॉलिश केलेला तांदूळ त्याच प्रांतातल्या कच्च्या मालाचा हवा असं ठरलं. तर दहा हजारांतले तीन हजार भेटीचे, दोन हजार वाटखर्चाचे, आणि गावाच्या तिजोरीत उरले पाच हजार. ज्या शहरातून ते निघाले तिथे मात्र तूट पडली ती जवळपास सगळ्या रकमेची. सार्वजनिक कामाचे दहा हजार वाटेत पाच हजार झाले आणि उरलेले पाच खाजगी घरांच्या फ्रीजरमध्ये आणि मध्यस्थांच्या खात्यात गेले. गावातल्या कोळ्याला, शेतकऱ्याला त्यातून धंदा मिळतो हे खरं, आणि ते थोडं नाही; कित्येक लहान कारखाने यावर उभे राहिले. तरीही शाळेसाठी, दवाखान्यासाठी गोळा केलेला पैसा अर्ध्यावर येतो, या गोष्टीला मी छोटी म्हणू शकत नाही.

इझुमिसानो या ओसाकाजवळच्या शहरानं तर टोक गाठलं. कान्साइ विमानतळाच्या शेजारचं, कर्जात बुडालेलं, लाखभर वस्तीचं शहर. देशभरच्या वस्तू आणि वर अॅमेझॉनची भेटकार्डं देऊन त्यानं 2018 च्या आर्थिक वर्षात 4,970 कोटी येन ओढले. अख्ख्या देशाच्या देणग्यांतला सुमारे दहावा हिस्सा. सरकारनं त्याला योजनेतून वगळलं, शहर न्यायालयात गेलं आणि 30 जून 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल शहराच्या बाजूनं दिला: नवा नियम येण्याआधीच्या वागण्याबद्दल नंतर शिक्षा करता येणार नाही. संयम सुटला होता असं त्याच निकालात बजावलंही. निकाल बरोबरच वाटतो. ज्या खेळाचे नियमच चढाओढ मागतात, त्यात जो सगळ्यांत जोरात धावला त्याच्यावर खापर फोडून काय होणार?

तूट भरतं कोण? ज्या शहराचा कर बाहेर जातो त्याला केंद्र सरकार पंचाहत्तर टक्के भरपाई देतं, म्हणजे पुन्हा सगळ्यांच्याच करातून. पण तोक्योचे 23 वॉर्ड आणि कावासाकीसारखी शहरं श्रीमंत गणली जातात, त्यांना ही भरपाई नाही. एकट्या सेतागाया वॉर्डाला 2023 च्या सुमारास वर्षाकाठी 1,000 कोटी येनांच्या आसपास फटका बसत होता. योकोहामाचा आकडा देशात सगळ्यांत मोठा. पाळणाघरात पोर सोडून ऑफिसला धावणारी आई ज्या वॉर्डाकडून सेवा घेते, त्याच वॉर्डाचा कर ती फोनवर दोन मिनिटांत होक्काइदोला पाठवते, आणि त्या दोन मिनिटांत पाळणाघर तिच्या डोळ्यांसमोर येत नाही. येणार कसं? पडद्यावर फोटो खेकड्याचा असतो.

मर्यादेचे ते आकडे पुन्हा एकदा पाहा. पगार तीस लाखांवरून कोटीवर गेला, म्हणजे तिपटीहून थोडा जास्त. पण निवडीची रक्कम अठ्ठावीस हजारांवरून एक लाख ऐंशी हजारांवर, सहा पटींच्या वर. ज्याच्याकडे अधिक आहे त्याला सार्वजनिक पैशात अधिक बोलायला मिळतं आणि भेटीही अधिक. ज्याला करच लागत नाही, जो म्हातारा निवृत्तिवेतनावर जेमतेम जगतो, त्याच्या वाट्याला निवडही नाही नि तांदूळही नाही. इटलीच्या हजारी आठची रचना या बाबतीत वेगळी आहे. तिथे सह्या माणसागणिक मोजतात आणि सगळा निधी त्या प्रमाणात वाटतात, गरीब-श्रीमंताची सही सारखीच. पण तिथे सही न करणारेच निम्म्याहून अधिक, आणि त्यांचा वाटाही सही करणाऱ्यांच्या प्रमाणात वाटला जातो. गप्प बसलेल्याच्या वतीनं दुसराच बोलतो, आणि त्यातला सर्वांत मोठा हिस्सा कॅथलिक चर्चकडे जातो. तेही मला पटत नाही.

असं असलं तरी ही योजना मोडीत काढावी असं म्हणवत नाही, आणि त्याला कारणं आहेत. देणगीच्या पानावर अगदी खाली, पत्ता आणि कार्डाचा नंबर यांच्या मध्ये, एक रकाना असतो: हे पैसे कशावर खर्च करू? मुलांचं शिक्षण, म्हाताऱ्यांची काळजी, जंगल, आपत्ती, आणि शेवटी "महापौर ठरवतील ते". घाईत हा शेवटचाच पर्याय पुष्कळदा निवडला जातो. माझ्या मते सगळ्या योजनेचा जीव त्या रकान्यात आहे. होक्काइदोतल्या कामिशिहोरो नावाच्या पाचेक हजार वस्तीच्या गावानं आलेल्या देणग्यांचा निधी बाजूला ठेवला आणि 2016 पासून गावातलं पाळणाघर दहा वर्षांसाठी मोफत केलं. तरुण घरं राहायला आली, घटत चाललेली वस्ती सावरली. गोमांसाच्या पेटीबरोबर पैसा आला तरी तो कुठे लावायचा हे गावानं आधीच ठरवून सांगितलं होतं. तोक्योच्याच बुंक्यो वॉर्डानं 2017 साली कुठलीही भेट न देता, हलाखीतल्या मुलांच्या घरी धान्याचे खोके पोचवण्यासाठी देणग्या मागितल्या. ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त जमल्या. म्हणजे खेकडा नसला तर माणसं देतच नाहीत, असं नाही.

सगळ्यांत मोलाचं मला वाटतं ते आपत्तीतलं. 2016 च्या एप्रिलमध्ये कुमामोतोला भूकंप झाला. कोसळलेल्या कचेऱ्यांत पावत्या कोण फाडणार? तेव्हा इबाराकी प्रांतातलं साकाइ हे लहानसं गाव पुढे आलं. त्यानं आपल्या नावानं कुमामोतोसाठी देणग्या घ्यायला सुरुवात केली, पावत्या आणि कागदपत्रं आपल्या माणसांकडून करवून घेतली आणि पैसे तिकडे पाठवले. आदल्याच वर्षी पुरात साकाइला लोकांनी मदत केली होती, ती त्यांच्या ध्यानात होती. पुढे ही रीतच पडली. 2024 च्या 1 जानेवारीला नोतो द्वीपकल्प हादरलं तेव्हाही दूरदूरच्या गावांनी तिथल्या गावांच्या कागदपत्रांचा भार वाहिला. या देणग्यांना भेट नसते, आणि कर तितकाच वजा होतो. निशी-कासाईतल्या त्या घरांना मर्यादेतले निदान दहा हजार असे देता येतील. खिशातून वेगळं काहीच जाणार नाही, आणि दहाचे जवळपास दहा हजार पोचतील.

आपल्याकडे अशी निवड नाही असं आपण धरून चालतो. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याच्या पगारपत्रकात पी.टी. म्हणून 200 रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. हा व्यवसाय कर 1975 च्या कायद्यानं आला तो रोजगार हमी योजनेसाठी. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांना काम देणं हे सरकारचं बंधन आहे, हा विचार विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरला, आणि त्याचा खर्च शहरातल्या पगारदारांनी उचलायचा, सरकारनं तितकीच भर घालायची असं ठरलं. त्या पैशांतून पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, रस्ते झाले. 1990 पासून फळबागांचा कार्यक्रम याच योजनेला जोडला आणि कोकणच्या वरकस जमिनींवर काजू-आंब्याची कलमं उभी राहिली. फोर्टातल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे राजापूरच्या कातळावर कलम होऊन उभे राहिले, आणि हे ना त्या कारकुनाला कुणी सांगितलं, ना कलम लावणाऱ्याला. पुण्यात 2006 पासून रहिवाशांना महापालिकेच्या अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात: एक अर्ज, पाच लाखांच्या आतलं काम, पदपथ, दिवे, बाक, स्वच्छतागृह. अर्ज करणाऱ्यानं कर किती भरला हे तिथे विचारत नाहीत, आणि ते मला फार योग्य वाटतं. जागा महापालिकेच्या मालकीची नसली किंवा अभियंत्याचा अंदाज पाच लाखांवर गेला की सूचना अडते, म्हणून जागेचा नेमका पत्ता आणि मोजमाप अर्जातच लिहावं. काम कुठवर आलं हे अर्जदाराला घरी कळवलं गेलं, तर पुढच्या वर्षी तो पुन्हा अर्ज भरेल.

व्यवसाय कराची एक गोष्ट मला सारखी खुणावते. दहा हजारांच्या वरचा पगार असला की कारकून आणि साहेब दोघांनाही तेवढेच 2,500. ही आपली घरटी वर्गणीच झाली. या करातल्या, समजा, 500 रुपयांपुरतं प्रत्येकाला एका तालुक्याचं नाव सांगू द्यावं, भेट-बिट काही नाही, फक्त तालुका आणि कामाचा प्रकार: पाणी, शाळा, रस्ता, झाडं. यातली अडचण मला दिसते. मुंबईत कोकणातली आणि पश्चिम महाराष्ट्रातली माणसं जास्त, त्यांची नावं जास्त येतील. गडचिरोलीचं, मेळघाटचं नाव घेणारं कोण? म्हणून बाकीचे 2,000 पाऊस आणि गरज बघूनच वाटले पाहिजेत, त्यात निवड नको. दुसरी अडचण अधिक टोचणारी. 2023 पासून महिना 25,000 पर्यंत पगाराच्या बायकांना हा कर माफ आहे, आणि धुणीभांडी करणारीला, नाक्यावरच्या बिगाऱ्याला तो लागतच नाही. त्यांना नाव सांगायचा हक्क न देणं म्हणजे जपानचीच चूक करणं. तो हक्क कराच्या पावतीऐवजी मतदार यादीला जोडावा लागेल, आणि त्यांच्या वाट्याचे 500 सरकारनं घालावेत, जसं 1975 मध्ये घालायचं ठरवलं होतं. पैसे मोठे नाहीत. काम मोठं आहे ते पुढचं: दर वर्षी जूनमध्ये फॉर्म 16 येतो तेव्हा त्याच्यासोबत अर्धं पान यावं, त्यावर तालुक्याचं नाव, कामाचा क्रमांक, मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम आणि त्या कामावर मोजमाप वहीत शेवटची नोंद झाल्याची तारीख. ज्याला फॉर्म 16 येत नाही त्याच्यासाठी तेच अर्धं पान वॉर्डाच्या कचेरीत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवावं, आणि ज्या गावात काम झालं तिथल्या ग्रामसभेत ते मोठ्यानं वाचावं, रेतीचे पैसे कसले असं विचारायला माणसं समोर बसलेली असताना.